‘खूप मजा आली’ या वाक्यापलीकडे : मुलांना स्वतःची गोष्ट चित्रातून आणि शब्दांतून सांगायला शिकवताना

गोव्यात चौथीतल्या कुठल्याही मुलाला सांगा, ‘चवथीच्या (म्हणजे गणेशचतुर्थीच्या) सुट्टीत काय केलंस ते लिही.’ दहा मिनिटांत पान भरतं. आम्ही गावी गेलो, गणपती आणला, आरती केली, फटाके लावले, खूप मजा आली. वरचं नाव झाकलं तर हे पान कोणाचं ते त्याच्या आईलाही सांगता यायचं नाही. मुलाकडे सांगण्यासारखं काही नसतं असं नव्हे. निबंधाची भाषा त्याला पाठ असते आणि पेन्सिल हातात घेतली की तीच आधी धावून येते.

आधी चित्र काढून घेतलं तर ही भाषा थोडा वेळ गप्प बसते, कारण ‘मजा’ काही काढता येत नाही. काढायचं तर बाबा ज्यावर चढले होते ते स्टूल काढावं लागतं, आपण कुठे उभे होतो ते ठरवावं लागतं, हातात काय होतं ते आठवावं लागतं. म्हणून क्रम असा ठेवायचा : चित्र, मग त्या चित्राबद्दल बोलणं, मग लिहिणं. आधी लिहून घेऊन ‘आता याला चित्र काढा’ म्हटलं की चित्र म्हणजे नुसती सजावट होते आणि लेखन होतं तिथेच राहतं.

किती मुलं, किती वेळ, काय सामान

पुढचा सगळा हिशेब सात ते बारा वर्षांच्या बारा मुलांसाठी आणि सव्वा-सव्वा तासाच्या सहा बैठकांसाठी आहे. बाराच का? तिसऱ्या बैठकीत प्रत्येक मुलाशी एकेकट्याने पाच मिनिटं बोलायचं असतं. बारा मुलांचा तिथेच तास होतो. वीस मुलं असतील तर दुसरा माणूस सोबत घ्या, नाहीतर ते बोलणं दोन बैठकांत वाटून घ्या. ते गाळायचं नाही. बाकी सगळ्यात काटकसर चालते, तिथे चालत नाही.

सामान फार लागत नाही. साधे ए४ कागद शंभर, दीडशे जीएसएमचे ए३ ड्रॉइंग पेपर तीस, २बी पेन्सिली पंधरा, पंचवीस रंगांच्या तैलखडूंच्या चार पेट्या, तांबड्या आणि काळ्या पोस्टर रंगाची एकेक बाटली, सहा आणि दहा नंबरचे ब्रश, दोन कात्र्या आणि झाडूतले थोडे माडाचे हीर. खोडरबर पहिल्या तीन बैठकांत बाहेर काढूच नका. रबर दिसला की नऊ-दहा वर्षांची मुलं अर्धा वेळ एकच नाक पुसत बसतात आणि कागदाला भोक पडतं. चुकलेल्या रेघेच्या शेजारी दुसरी रेघ मारायची, एवढंच सांगा. पट्टीसुद्धा नको. पट्टी आली की सगळी घरं सारखी होतात.

जून ते सप्टेंबरात गोव्यात कागदाचं काही खरं नसतं. हवेतल्या दमटपणाने तो मऊ पडतो, पोस्टर रंग दिवसभर ओला राहतो, एकावर एक ठेवलेली चित्रं चिकटतात आणि पंधरा दिवसांत मागच्या बाजूला बुरशीचे ठिपके येतात. पावसाळ्यात पेन्सिल आणि तैलखडू यांवरच भागवा, ओल्या रंगाचं काम नोव्हेंबरनंतर घ्या. पावसात रंग वापरलाच तर चित्र रात्रभर पंख्याखाली मोकळं ठेवा आणि पूर्ण सुकल्यावरच वर्तमानपत्राच्या घड्यांमध्ये घाला. ओलसर चित्र प्लास्टिकच्या पिशवीत घालणं म्हणजे बुरशीला आमंत्रण.

पहिली बैठक : एवढासा प्रसंग

सगळ्यात जास्त गोष्टी इथेच फसतात. मूल ‘सहल’ निवडतं, ‘चवथ’ निवडतं, ‘आमचं गाव’ निवडतं. हे विषय झाले. प्रसंग वेगळा. प्रसंग किती मोठा असावा हे मुलांना सांगायला सोपं माप आहे : पोदेर भोंगा वाजवत दारात येतो, पाव देतो, सुट्टे पैसे परत करतो आणि सायकलवर टांग मारून पुढच्या दारी जातो, तेवढा वेळ. तेवढ्यात जे घडलं तेच. फेरीबोटीचा प्रवास नको. फेरीचा रॅम्प खाली आला आणि चप्पल पाण्यात पडली, तेवढं हवं. दिवाळीतला नरकासुराचा पुतळा करण्याची अख्खी रात्र नको. नखांना लावायचा चंदेरी कागद संपला आणि कोणीतरी बिस्किटाच्या पुड्यातला कागद काढला, तो क्षण हवा.

असा क्षण आठवायला थेट विचारून उपयोग होत नाही. ‘तुझ्या आयुष्यातला एखादा प्रसंग सांग’ म्हटलं की मूल छताकडे बघतं. नकाशा काढायला द्या. ए४ कागदावर घरापासून शाळेपर्यंतची वाट, नाहीतर घराचाच आराखडा : ओटा, बलकांव (घरापुढची बसायची जागा), स्वयंपाकघर, विहीर, न्हाणी, कुळागराकडे (सुपारीच्या बागेकडे) जाणारी पायवाट. वीस मिनिटं द्या. नकाशा बरोबर आहे की नाही ते बघायचं नाही. मग त्यावर तीन फुल्या मारायला सांगा. एक, जिथे लागलं किंवा पडलो. दुसरी, जिथे कधीतरी लपलो किंवा काही लपवलं. तिसरी, जिथे कोणाची तरी वाट बघत थांबलो. ‘आनंद झाला ती जागा’ असं विचारू नका. त्याचं उत्तर पुन्हा ‘मजा आली’च्याच दारात नेऊन सोडतं. लागणं, लपवणं आणि वाट बघणं यांत आधी आणि नंतर असे दोन भाग आपोआप येतात, आणि गोष्टीला तेवढं पुरतं.

फुल्या मारून झाल्या की जोड्या करा. प्रत्येकाने शेजाऱ्याला तिन्ही फुल्यांचं तोंडी सांगायचं, एकेक मिनिट. ऐकणाऱ्याने ज्या फुलीवर ‘मग काय झालं?’ असं विचारलं, ती फुली निवडायची. ही निवड मुलांवर सोडा. मोठ्या माणसाला ‘चांगली’ वाटणारी गोष्ट बहुतेक वेळा आजारपणाची किंवा बक्षिसाची असते, आणि मुलाच्या डोक्यात असते हरवलेली गोटी.

एक सावधानता. वर्गातल्या प्रत्येक मुलाला गाव असतो, मूळ घर असतं, माटोळी (गणपतीच्या वर बांधायची फळांची चौकट) असते असं धरून चालू नका. वास्कोच्या फ्लॅटमध्ये राहणारं, बांधकामावर आईवडिलांसोबत आलेलं, घरी कन्नड किंवा हिंदी बोलणारं, नाताळ किंवा ईद साजरी करणारं मूल त्याच वर्गात मराठी शिकत असतं. नकाशाचा फायदा हाच की जिना, नळ आणि गच्ची सगळ्यांकडे असतात.

दुसरी बैठक : चित्र

निवडलेल्या फुलीचं चित्र, ए४ वर, पेन्सिलीने, पंचवीस मिनिटांत. फळ्यावर नमुना काढून दाखवू नका. एक माड काढलात तर बारा कागदांवर तोच माड उगवतो.

तरीही दोन डोंगर, त्यांच्या मधून उगवणारा सूर्य, खाली नदी आणि नदीत शिडाची होडी हे दृश्य हटकून येणारच. मुलांचा हात अडला की तो तिकडे वळतो. मनाई केलीत तर मूल बिचकतं. त्यापेक्षा विचारा, ‘तेव्हा सूर्य दिसत होता?’ संध्याकाळी न्हाणीत घडलेल्या गोष्टीत सूर्य नव्हता हे त्याचं त्यालाच कळतं आणि मग दिव्याच्या बटणाची आठवण होते. तिथून पुढे चित्र त्याचं होतं.

सात-आठ वर्षांची मुलं कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ मारतात, वर आकाशाची पट्टी देतात, भिंतीच्या आतलं सगळं भिंत काचेची असल्यासारखं दाखवतात आणि ज्याचं महत्त्व जास्त त्याला मोठं काढतात. कुत्रा घराएवढा असेल तर कुत्र्याने घाबरवलं होतं. हे सुधारायचं नाही, वाचायचं. त्या वयाचं चित्र हाच अर्धा मजकूर असतो.

नऊ-दहाच्या पुढे अडचण वेगळी. या वयात चित्र ‘खऱ्यासारखं’ दिसावं असं वाटू लागतं, हात तेवढा तयार नसतो, आणि आतापर्यंत बिनधास्त काढणारी मुलगी म्हणते, ‘टीचर, मला येत नाही.’ अशा वेळी तिच्या कागदावर स्वतः रेघ मारून दिलीत तर चित्र संपलं म्हणून समजा. पुढची प्रत्येक रेघ ती तुमच्याकडे मागेल. त्याऐवजी तीन उपाय आहेत. शेजारच्या मुलाला त्या पवित्र्यात उभं करा, म्हणजे वाकलेल्या माणसाची पाठ कुठे जाते ते बघून काढता येतं. वस्तू आणता येत असेल तर आणा : कोयता, तांब्या, छत्री. नाहीतर माणूस पूर्ण काढायचाच नाही. स्टुलावर चढलेल्या बाबांचे फक्त पाय आणि लुंगीचा काठ काढला तर खाली उभ्या मुलाला जेवढं दिसत होतं तेवढंच कागदावर येतं, आणि पूर्ण माणसापेक्षा ते खरं वाटतं.

उरलेल्या वेळात खिडकी वापरायची. जाड पुठ्ठ्यात ५ सेंमी बाय ७ सेंमीची चौकट कापा आणि ती चित्रावरून हळूहळू फिरवा. कुठे थांबली की सगळं घडतंय असं वाटतं? तेवढाच भाग ए३ कागदावर मोठा काढायचा. इथे बहुतेक मुलांचे डोंगर, ढग आणि कुंपण चौकटीबाहेर पडतात, कोणी काही न सांगता.

तिसरी बैठक : चित्राशेजारी बसून बोलणं

मोठं चित्र समोर ठेवा आणि मुलाच्या समोर न बसता शेजारी बसा, दोघांची नजर कागदावर राहील असं. समोर बसलं की तोंडी परीक्षा वाटते. हातात पेन ठेवा आणि मूल बोलेल ते त्याच शब्दांत टिपा. बाकीची मुलं तोवर चित्र रंगवत असतात.

‘तुला कसं वाटलं?’ हा प्रश्न सुरुवातीला नको. त्याचं उत्तर ‘छान’ किंवा ‘वाईट’. पुढच्या कुठल्या प्रश्नाला काय उत्तर मिळतं ते एका नमुन्यावरून बघा. समजा नुसतं लिहायला दिलं असतं तर ‘आम्ही माटोळी बांधली, मजा आली’ एवढंच आलं असतं, आणि चित्रात आहे वर माटोळी, मध्ये दोन पाय, खाली एक मुलगी.

‘तुझ्या हातात काय आहे?’
‘दोर. केवणीचे.’
‘कशाला?’
‘बाबा बांधतात आणि मी एकेक देते.’
‘बाबा काही बोलत होते?’
‘हालू नको म्हणाले. मी स्टूल पण धरलेलं ना.’
‘वर हे काळे ठिपके कसले?’
‘हुमले. आंब्याच्या टहाळीवर होते. माझ्या मानेत पडले.’
‘मग?’
‘मी हालले नाही.’ (थोडं थांबून) ‘मग हालले.’

गोष्ट मिळाली. माटोळीत काय काय होतं, नारळ, सुपारीचे घोस, आंबाडे, कवंडाळ, ते सगळं मागे राहू दे. माटोळीची माहिती कुठल्याही पुस्तकात मिळते. हुमला (झाडावरची मुंगी) मानेत असताना स्टूल धरून उभं राहणं या एकाच मुलीकडे आहे.

असं बोलताना प्रश्न चित्रातल्या वस्तूवर ठेवा : हे काय, हात कुठे होते, पायाखाली काय होतं, आवाज कसला येत होता, कोण काय बोललं, आधी कोण हललं. एका प्रश्नात दोन प्रश्न घालू नका. उत्तर यायला पाच-सहा सेकंद लागले तर लागू देत. ती शांतता मोडायचा मोह सगळ्यांना होतो आणि नेमकं त्यातच येऊ घातलेलं वाक्य परत जातं. आणि ‘अरे वा, मस्त!’ दर वाक्याला म्हणू नका. मूल मग तुम्हाला काय आवडतं ते शोधू लागतं, आणि हुमल्यांची संख्या वाढत जाते.

चौथी बैठक : लिहिणं, आणि कुठल्या भाषेत

सात वर्षांच्या मुलाने सांगावं, मोठ्या माणसाने लिहावं. त्याची वाक्यं सुधारून लिहिलीत तर वाचून दाखवताना ते म्हणेल, ‘मी असं नाही म्हटलं’, आणि त्याचं बरोबर असेल. आठच्या पुढच्या मुलांना तुम्ही टिपलेला कागद द्या आणि त्यातली दहा-बारा वाक्यं स्वतःच्या हाताने उतरवायला सांगा. जास्त नको. लांबीची अट घातली की ‘आम्ही सकाळी लवकर उठलो, आंघोळ केली, नवे कपडे घातले’ परत येतं.

गोव्यातल्या मराठी वर्गात खरा प्रश्न इथे उभा राहतो. घटना कोकणीत घडलेली असते, आजी कोकणीत ओरडलेली असते, आणि लिहायचं मराठीत. ‘आत ये गं बाळा, आजी म्हणाली’ असं मुलीने लिहिलं की ती आजी शेजारच्या राज्यातली होते. नियम साधा ठेवा : सांगणं मराठीत, बोलणं ज्या भाषेत झालं त्या भाषेत. आजी ‘भितर यो गो’ म्हणाली असेल तर तेच अवतरणात लिहायचं. पेडण्यातल्या आजीची कोकणी आणि सासष्टीतल्या आजीची कोकणी वेगळी ऐकू येते. त्या एकसारख्या करायला जाऊ नका. कन्नडमध्ये ओरडलेल्या आईचे शब्दही देवनागरीत, मूल ऐकतं तसे.

वस्तूंची नावंही तशीच. व्हाळ, बांय, नुस्तें, पोदेर, मानस, खाजन. ‘व्हाळ’ खोडून ‘ओढा’ केला की मुलाच्या डोळ्यांसमोरचं पाणी जातं. कंसात अर्थ देण्याची गरज नाही, वाक्यातून कळतो. फक्त शुद्धलेखनाचं काय, असं पालक विचारतातच. पहिल्या खर्ड्यावर लाल शाई अजिबात नाही. ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरं शेवटच्या प्रतीच्या आधी एकदा, मुलाबरोबर बसून, पेन्सिलीने. आधी केलंत तर मूल ज्या शब्दांचं लेखन नक्की येतं तेच शब्द वापरू लागतं आणि ‘हुमला’ची ‘मुंगी’ होते.

खर्डा झाल्यावर दुरुस्तीची तीनच कामं करून घ्या.

पहिली दोन-तीन वाक्यं बोटाने झाका आणि उरलेलं वाचा. गोष्ट तरीही कळते का? दहातल्या आठ खर्ड्यांत कळते, कारण पहिली वाक्यं अंगणात पोचेपर्यंतच्या प्रवासाची असतात. ती काढा, पण काढायची की नाही ते मुलाने ठरवू दे. काही वेळा तिथे खरंच काहीतरी असतं.

दुसरं, ‘मग’. मुलं प्रत्येक वाक्य ‘मग’ने जोडतात आणि पहिल्या खर्ड्यात ते चांगलंच, त्याने क्रम राहतो. आता सगळे ‘मग’ अधोरेखित करायचे आणि फक्त एक ठेवायचा, जिथे खरोखर काहीतरी पालटलं.

तिसरं, भावनेचा शब्द सापडला, ‘भीती वाटली’, ‘राग आला’, की विचारायचं : तेव्हा अंगाला काय झालं? पाय, पोट, तळहात, कान यांपैकी कशात तरी उत्तर असतं. तो शब्द काढलाच पाहिजे असं नाही. काही मुलांना तो हवा असतो.

माटोळीचा नमुना एवढं झाल्यावर साधारण असा उतरेल :

‘बाबा स्टुलावर. मी खाली. एका हातात केवणीचे दोर, एका हाताने स्टूल. “हालू नको,” बाबा म्हणाले. टहाळीतून हुमला पडला. माझ्या मानेत गेला. मी हालले नाही. दुसरा पडला. मग मी हालले. बाबा म्हणाले, “आरे देवा!” आणि सगळे आंबाडे खाली.’

शेवट कसा करावा हे मुलं विचारतात. बहुतेक खर्डे ‘यावरून मी शिकलो की’ने संपतात, शाळेच्या गोष्टींची ती सवय आहे. ते वाक्य झाका आणि त्याच्या आधीचं वाचा. बहुधा शेवट तिथेच झालेला असतो.

पाचवी बैठक : पुस्तक

ए३ कागदाचं कापून-दुमडून केलेलं आठ पानी पुस्तक सगळ्यात सोयीचं, कारण सगळी पानं कागदाच्या एकाच बाजूला येतात आणि झेरॉक्स काढून बारा प्रती करता येतात. कागद आडवा धरा. डावी कड उजव्या कडेला आणून दुमडा, पुन्हा तसंच दुमडा, आणि उघडा. चार उभे पट्टे दिसतील. आता वरची कड खालच्या कडेला आणून दुमडा आणि उघडा. आठ घरं झाली. पुन्हा एकदा डावी कड उजवीला आणा आणि दुमडलेल्या बाजूने, मधल्या आडव्या घडीवरून, पहिल्या उभ्या घडीपर्यंतच कापा. त्यापुढे एक सेंटिमीटरही नाही. जास्त कापलं की पुस्तकाचे दोन तुकडे होतात, आणि दर वर्गात दोघांचे होतातच, म्हणून कागद जास्तीचे ठेवा. उघडून कागद आडव्या घडीवर लांब दुमडा, दोन्ही टोकं धरून मधोमध ढकला, चीर पतंगासारखी उघडेल. चारही पाती जुळवून एकीकडे वळवा. ए३ चं पान १४.८ सेंमी बाय १०.५ सेंमी होतं. ए४ चं त्याच्या निम्मं, आणि लहान मुलांच्या अक्षराला ते अपुरं पडतं.

कागद उलगडला की वरची चार पानं उलटी दिसतात. म्हणून पुस्तक दुमडलेलं असतानाच पेन्सिलीने पानांवर आकडे घालून घ्या, आणि मगच उघडून चित्र-मजकूर करा. हे विसरलं की निम्म्या पुस्तकात माणसं डोक्यावर उभी.

मुखपृष्ठ सोडून सहा पानं आणि मलपृष्ठ. मजकूर आठ-दहा वाक्यांचा असेल तर पानाला एक-दोन वाक्यं येतात. चित्रात जे दिसतं ते शब्दांत पुन्हा सांगायचं नाही, ही पुस्तक करतानाची एकमेव कडक अट. ‘बाबा स्टुलावर’ हे चित्रात आहे तर शब्द ‘हालू नको’ एवढेच. मुलांना हा खेळ आवडतो : वाक्य हाताने झाकून चित्रावरून ओळखायचं, आणि ओळखता आलं तर ते वाक्य गळालं. हुमला मानेत पडला त्या पानावर चित्र नको, नुसते शब्द. किंवा उलट, नुसती मान आणि एक ठिपका.

मुखपृष्ठासाठी गोव्याच्या मातीतलं एक तंत्र वर्गात करता येतं. काही जुन्या देवळांच्या भिंतींवर कावी कला दिसते : चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर तांबड्या रंगाचा थर, आणि तो खरवडून खालचा पांढरा दाखवलेली नक्षी. कागदावर ते असं जमतं. दीडशे जीएसएमच्या, पुस्तकाच्या मापाच्या तुकड्यावर पांढरा तैलखडू दाबून घासा. उजेडात तिरपा धरून बघा, खडूविना राहिलेला भाग चमकत नाही. तिथे पुन्हा घासा. दोन चमचे तांबडा पोस्टर रंग, चिमूटभर काळा, अर्धा चमचा पाणी आणि भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब. साबण नसला तर मेणावरून रंग मण्यांसारखा घरंगळतो. पाणी जास्त झालं तरी तेच. दोन हात द्या, मध्ये दहा मिनिटं. पंख्याखाली अर्ध्या-पाऊण तासात सुकतो; पावसात दुसऱ्या दिवसावर टाका. भिंतीवर थर ओला असतानाच खरवडतात, कागदावर मात्र सुकल्यावरच, नाहीतर चिखल होतो. हिराचं टोक थोडं घासून बोथट करा, अणकुचीदार टोकाने कागद फाटतो. दोन-चार दिवस तसाच ठेवून खरवडायला घेतलं तर रंगाचे पापुद्रे सुटतात, म्हणून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उरका. बारीक अक्षरं यात येत नाहीत. गोष्टीतली एकच वस्तू काढायची, स्टूल किंवा हुमला, आणि शीर्षक पेनने वेगळ्या पट्टीवर.

सहावी बैठक आणि त्यानंतर

वाचन गोल बसून, प्रत्येकी तीन मिनिटं. ऐकणाऱ्यांनी ‘छान होतं’ म्हणायचं नाही. एकाने सांगायचं, ‘मला अमुक दिसलं’, दुसऱ्याने एक प्रश्न विचारायचा, बस. टाळ्या सगळ्यांना. क्रमांक आणि बक्षिसं ठेवलीत तर पुढच्या खेपेला सगळ्यांच्या गोष्टीत अपघात होतात.

ज्याला वाचायचं नाही त्याला सूट द्या. काही पुस्तकं फक्त घरी न्यायची असतात. भिंतीवर लावण्याआधी प्रत्येक मुलाला विचारा, आणि घरच्या माणसांची खरी नावं असतील तर बदलायची आहेत का तेही विचारा. शेजाऱ्याशी झालेलं भांडण वाड्यावर सगळ्यांना ओळखू येतं. मुलाचं नाव आणि शाळा दिसेल असा फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकू नका.

लपवलेल्या जागेची फुली कधीकधी अशा ठिकाणी नेते, जिथे मोठ्याने हात घातला पाहिजे. मारहाण, कोणी केलेला नकोसा स्पर्श, घरात कोंडून ठेवणं असं काही चित्रात किंवा बोलण्यात आलं तर ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. शांतपणे ऐका, तपशील खोदून काढू नका, ते पान गटात वाचू देऊ नका. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि ते शाळेला, पालकांना किंवा वर्ग घेणाऱ्याला टाळता येत नाही.

सहा बैठका संपल्यावर रेघा नसलेली शंभर पानी वही द्या. लोटलीचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा (१९२६–२०११) लहानपणी घराच्या भिंतींवर काढायचे, म्हणून त्यांच्या आईने त्यांना कोरी वही आणून दिली आणि ते तिला डायरी म्हणत. भिंती वाचवणं एवढाच हेतू असला तरी हरकत नाही. वहीत रोज काहीतरी असलंच पाहिजे अशी सक्ती नको. आठवड्याला एक चित्र आणि खाली दोन वाक्यं पुरेत, वर तारीख मात्र हवी. वही तपासायची नाही. मूल स्वतःहून उघडून दाखवेल तेव्हा पुन्हा शेजारी बसायचं आणि कुठल्या तरी एका वस्तूवर बोट ठेवून विचारायचं, हे काय?